सारूबाईचं इमान

लढाईच्या काळात नवापूरवरून अधूनमधून विमानं जायची. लांबून घरघर ऐकू आली की सगळं गाव बाहेर यायचं. बाजारात तराजू धरलेला वाणी पारडं तसंच सोडून वर बघत राहायचा, शाळेतले मास्तर मुलांच्या आधी पटांगणात यायचे, आणि माझे वडील, जे तिथले स्टेशनमास्तर होते, हातातली झेंडी विसरून प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत जायचे. साऱ्या गावात एकच बाई अशी होती की तो आवाज आला की घरात जायची आणि आतून दार लावून घ्यायची. गंमत अशी, की नवापुरात तोवर विमानात बसलेलं माणूसही तेवढं एकच होतं. तिचं नाव सारूबाई.

मूळ नाव सारा. नवापूरच्या सरहद्दीवरल्या डोंगरात एका पाड्यावर तिचं माहेर. माणसं ख्रिस्ती, भाताची थोडी शेती, उरलेलं वर्ष मजुरी. मिशनच्या दवाखान्यात ती कामाला होती. चादरी, पट्ट्या, बाळंतिणींची लुगडी उकळून धुवायची, वाळवायची, घड्या घालायची. दवाखान्यामागच्या ओळीत तिची एक खोली होती. उंच, सावळी, खांदे थोडे पुढे झुकलेले. चालताना डावा हात कमरेपाशी वाकडा धरलेला असे, कडेवर मूल असल्यासारखा. मी लहानपणी समजत होते की तिचा हात मोडून तसा बसला असावा. पुढे नर्सिंग शिकले तेव्हा कळलं, हाताला काही झालेलं नव्हतं.

घरी ती मावची ही आपली डोंगरातली बोली बोलायची. आम्हा बाहेरच्यांशी मात्र अहिराणीत, आणि त्यात मधेच गुजरातीचा एखादा तुकडा. मला ती ‘बेन’ म्हणायची, मी जेमतेम बारा वर्षांची असताना सुद्धा.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. दवाखान्यात एक गोरे डॉक्टर होते. त्यांची बायको बाळंतपणात गेली आणि मागे मुलगी राहिली, अगदी चिमुकली. त्याच आठवड्यात सारूबाईचं पहिलं मूल जाऊन तिची कूस रिती झाली होती. नवरा त्याआधीच गुजरातेत मजुरीला गेला तो परतला नव्हता. डॉक्टरांनी मुलगी उचलून तिच्या ओटीत ठेवली. मुलीचं नाव नेली. चार वर्षं ती सारूबाईच्या अंगावर वाढली. मला ती चांगली आठवते. पिंगट केस, तापानं पिवळा पडलेला चेहरा, आणि धनुकलीसारखे वाकलेले पाय. सारूबाई रोज उन्हात बसून त्या पायांना तेल चोळायची. बाप इंग्रजीत विचारायचा आणि पोर उत्तर द्यायची मावचीत. बाप हताश होऊन सारूबाईकडे बघायचा, मग सारूबाई ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची. बापलेकीच्या मधे दुभाषी म्हणून ती आया उभी, असं ते घर होतं.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी नेलीला एकामागून एक ताप आले. इथे ठेवली तर वाचणार नाही, हे डॉक्टरांनी ओळखलं. विलायतेत त्यांची बहीण होती, तिला मूलबाळ नव्हतं. बोटीचा लांबचा प्रवास त्या तोळामासा जिवाला सोसला नसता, म्हणून विमान ठरलं. दवाखाना सोडून डॉक्टरांना जाता येईना. मुलीला घेऊन सारूबाई गेली, आणि मुलीला तिथे ठेवून सारूबाई आली. पुढे डॉक्टर लढाईवर गेले आणि तिकडेच मेले. नेलीचं नाव नवापुरात घेणारं कुणी उरलं नाही. सारूबाई तर घ्यायचीच नाही.

मी तिच्या दारात वाढले म्हणायला हरकत नाही. स्टेशनातली क्वार्टर आणि दवाखाना यांच्यामधे एक शेतच काय ते आडवं होतं. चादरींची टोकं धरायला ती मला हाक मारायची. एका टोकाला ती, एका टोकाला मी. त्या चादरी धरता धरता दवाखान्याचा वास मला आवडायला लागला आणि मी पुण्याला जाऊन नर्स झाले. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेत वर्षभराच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली. बोटीत जागा मिळेना आणि वर्ग तर सुरू व्हायला आलेले. तेव्हा सरकारनंच विमानाचं तिकीट हातात ठेवलं.

आमच्या घरात रडारड सुरू झाली. आईनं तर अंथरूण धरलं. वडील मला म्हणाले, “सारूबाईकडे जा. तिला विचार. आपल्यात दुसरं कोण बसलंय विमानात?”

दुपारची वेळ होती. ती अंगणात दोरीवर पट्ट्या वाळत घालत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

“एकटी?” तिनं विचारलं.

“एकटी.”

“भ्याव वाटस का तुले?”

मी नाही म्हणणार होते, पण तिच्यापुढे ते जमलं नाही. “वाटतं,” मी म्हणाले.

“वाटू दे,” ती म्हणाली. “बठ.”

मग सारूबाईनं मला विमानप्रवास शिकवला. आधी घरातून फुटाण्यांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. “इमान वर चढस तवय कान बंद व्हतस. मेमसाबलोके गोळी चोखतस. तू चणा चाव. चावत ऱ्हाय, थांबू नको.” पायात लोकरीचे मोजे घाल, वर फार थंडी असते, ऊन दिसतं पण ते खोटं ऊन असतं. ओकारी आली तर लाजू नकोस, टोपीवाले साहेब सुद्धा ओकतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. जेवायला काय देतात ते विचारत बसू नकोस, कळलं तर खाववणार नाही. पाव माग, पाव सगळीकडे सारखा असतो. पाण्यावर उतरताना डोळे मीट, कारण खिडकीवर असं पाणी उसळतं की बुडालोच वाटतं.

“पाण्यावर?” मी विचारलं.

तिचं विमान पाण्यावर उतरणारं होतं. कराचीहून निघालं आणि रोज संध्याकाळी कुठल्यातरी खाडीत नाहीतर नदीत उतरायचं. माणसं हॉटेलात झोपायला जायची. “आनि इमान पानीमा बांधी ठेवेत. आपली रंगावली नदीमा म्हैस बांधतस ना, तसं,” असं सांगून ती चक्क हसली. नेलीला ती म्हैस फार आवडायची म्हणे. सकाळी निघताना पोर विमानाच्या अंगावर थोपटायची.

एवढं बोलून तिला एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं. हसू गेलं. ती माझ्याकडे न बघता बोलू लागली.

“निरोप आठेच ली ले, बेन. घरमा. तठे इमाननी पायरीपाशी कोनी नको. मायले नको, बापले नको. पायरीवर मागे देखं का पाय उचलत नही.”

मी मान हलवली.

“वरतून आपलं गाव शोधू नको. समद्या नद्या सारख्याच दिसतस. मी रंगावली शोधत व्हती, शोधत व्हती, आनि डोया दुखाले लागनात.”

मग थोडा वेळ ती पट्टीची घडी घालत राहिली. घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

“जातांना खिडकीपाशी बठ. येतांना नको.”

“का गं?”

“येतांना दखाडाले कोनी नही ऱ्हास.”

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा परतीच्या प्रवासाबद्दल सांगितलं. जाताना नेली सारा वेळ तिच्या मांडीवर होती. ढग, बोटी, वाळवंटातली उंटांची रांग, सगळं एकमेकींना दाखवत गेल्या. येताना मांडीवर कुणी नव्हतं. भाषा येत नव्हती. मागच्या एका खुर्चीवर तिला बसवलं होतं. हात कुठे ठेवावे तेच तिला कळेना. विमानातल्या पोऱ्यानं थंडीसाठी कांबळं दिलं, ते तिनं पांघरलं नाही. गुंडाळून मांडीवर घेतलं आणि कराचीपर्यंत तसंच धरून बसली. उतरताना त्या पोऱ्यानं ते हळूच काढून घेतलं, तेव्हा ती रडली. डॉक्टरांच्या बहिणीच्या दारात पोर सोडताना रडली नव्हती, ती तिथे रडली.

“आते बी आवाज उना का मांडी रिकामी वाटस,” ती म्हणाली. “म्हनून दार लावस मी.”

मी उठताना विचारलं, “नेलीला भेटून येऊ का? दवाखान्याच्या मेट्रनकडे पत्ता आहे. तुझा काय निरोप सांगू?”

तिनं हातातली घडी टोपलीत ठेवली.

“काहीच सांगू नको. मन्हं नाव बी काढू नको. फक्त देखी ये.”

आईवडिलांचा निरोप मी घरातच घेतला. मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांभोवती हार, फुलं, माणसं होती. माझ्याभोवती कुणी नव्हतं आणि ते मीच ठरवलेलं होतं. पायरी चढताना मागे पाहिलं नाही. सारूबाईचे फुटाणे कामी आले, मोजेही आले. पाण्यावर उतरताना डोळे मिटायची वेळ मात्र आली नाही, आमचं विमान आपलं साधं जमिनीवर उतरलं. खिडकीची जागा मिळाली होती. खाली समुद्र संपून वाळवंट लागलं तेव्हा मी शेजारच्या म्हाताऱ्या पारशी गृहस्थांना हात लावून म्हटलं, “ते बघा.” ते झोपेतून उठून बघून पुन्हा झोपले. कैरोला सगळे उतरून चहा प्यायले. मी पाव मागितला. तो सगळीकडे सारखा नसतो, पण खाल्ला.

विलायतेतलं ते वर्ष एकटं गेलं. वसतिगृहातल्या मुली वाईट नव्हत्या. पण रविवारी दुपारी सगळ्या आपापल्या घरी जायच्या आणि त्या लांबलचक इमारतीत मी आणि पाण्याच्या नळांचे आवाज एवढेच उरायचो. दिवसभर तोंडातून शब्द निघाला नाही असेही रविवार गेले. तेव्हा मला पुन्हा पुन्हा सारूबाई आठवायची. मला निदान इंग्रजी येत होतं.

वसंत आला तेव्हा मी डॉक्टरांच्या बहिणीला पत्र टाकलं आणि तिनं लगेच चहाला बोलावलं. लंडनच्या दक्षिणेला लहानसं गाव होतं. लाल विटांचं घर, मागे घेवड्याचे वेल चढवायला काठ्या रोवलेल्या. बहीण साठीकडे झुकलेली, कोरडी पण प्रामाणिक बाई. लढाई संपून इतके दिवस झाले तरी साखर मोजून मिळत होती. तरी तिनं माझ्यासाठी केक केला होता.

नेली शाळेतून सायकलवर आली. चौदा वर्षांची, उंच, मोजे घसरून घोट्यांवर आलेले. मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. दोन्ही. तिनं सायकल भिंतीला लावली, हात पुढे केला आणि म्हणाली, “तुम्ही नर्स ना? मला तर रक्त बघवत नाही.”

चहा पिताना तिनं विचारलं, हिंदुस्थानात घरात साप येतात हे खरं का? मी म्हटलं, आमच्याकडे येतात. ती खूश झाली. मग म्हणाली, “माझा जन्म तिथला आहे. पण मला काहीच आठवत नाही. बाबांचा चेहरासुद्धा फोटोतलाच आठवतो. विचित्र वाटतं ना?”

सारूबाईचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं कोण जाणे. मी केकचा तुकडा तोंडात घातला.

नेली धडे करायला वर गेली, तेव्हा बहिणीनं दार लोटलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “ती कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणाले. “काम करते.”

“जायच्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात नेलं होतं,” बहीण म्हणाली. “तिला इंग्रजी येत नव्हतं. कुणाकडून तरी तेवढंच शिकून आली असावी. माझे दोन्ही हात धरून म्हणत होती, ‘नो सारू. नो से सारू.’ पुन्हा पुन्हा. मला कळेपर्यंत तिनं हात सोडले नाहीत. मुलीला तिची आठवण राहिली तर मुलगी इथे रुजणार नाही, असं तिचं म्हणणं असावं. मी ते पाळलं. घरात ते नाव कधी घेतलं नाही.”

तिनं कप खाली ठेवला. “पहिले कित्येक आठवडे पोर त्या दाराशी उभी राहून कसलासा शब्द ओरडायची. एकच शब्द. तुमच्या भाषेतला असेल. मग हळूहळू थांबली.”

“कुठला शब्द?”

“आता आठवत नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या कोरड्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाणी दिसलं. “मी बरं केलं का, सांगाल मला?”

मी किटलीतला उरलेला चहा तिच्या कपात ओतला.

शिक्षण संपवून मी परत आले. येताना खिडकीची जागा मिळत होती, ती मी दुसऱ्या बाईला दिली. नवापूरला उतरल्यावर आईला भेटले, जेवले, आणि शेत ओलांडून सारूबाईकडे गेले. वर्षभरात ती वाळली होती. खोकलाही लागला होता. तिनं मला खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसली. प्रवास कसा झाला, थंडी वाजली का, सगळं विचारलं. तेवढं एक विचारेना. शेवटी मीच म्हणाले, “देखी आले.”

तिनं पदर नीट केला. “तिना पाय कसा शेतस?”

“सरळ आहेत. अगदी सरळ. सायकल चालवते.”

“सायकल!” तिनं तोंडावर हात ठेवला. “तिना पायथिन?”

“तिच्याच पायांनी. चढावरून बसल्या बसल्या येते.”

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तो थांबल्यावर पुन्हा हसली. “सायकलवर कशी बठनी ते परत सांग.” मी परत सांगितलं. मोजे घसरले होते तेही सांगितलं. मोज्यांचं ऐकून म्हणाली, “कोनी वर करी देत नही का?” मग उंची किती, केस कापलेत का, खाते का, ताप येतो का. मी सांगत गेले. मग तिनं अंगणाकडे तोंड वळवलं, आणि तसंच विचारलं:

“मन्हं काही... याद शे का तिले?”

विमानात बसल्यापासून मी या प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. चांगली दोनतीन खोटी उत्तरं तयार होती. पण तिच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघून त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

“नाही, सारूबाई. तिला काहीच आठवत नाही.”

अंगणात एक कोंबडी पट्ट्यांच्या टोपलीत शिरत होती. सारूबाईनं तिला हाकललं नाही.

“बरं,” ती म्हणाली. “मन्हं काम पक्कं झायं.”

दाराशी ओरडायच्या त्या शब्दाबद्दल मी तिला सांगितलं नाही. ते माझ्याजवळच राहिलं.

पुढच्याच हिवाळ्यात त्या खोकल्यानं ती गेली. मी तेव्हा पुण्यात कामावर होते. मला कळेपर्यंत तिला दवाखान्यामागच्या माळावर पुरलंही होतं. त्यामुळे माझ्यासाठी तिची शेवटची भेट म्हणजे ती दुपार, आणि त्या दुपारी ती पुढे जे म्हणाली ते.

ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं होतं. मी निघायला उठले, तर तिनं माझा हात धरला.

“नेली कशी बोलस आते? तशी बोली दखाड.”

मी म्हटलं, “इंग्रजीत बोलते गं. तुला कळणार नाही.”

“कळू नको दे. बोल.”

मी पुन्हा बसले. नेलीनं निघताना मला जे म्हटलं होतं ते, जमेल तसं तिच्याच आवाजात म्हणाले. तुम्ही आलात, छान वाटलं. जपून जा. पुन्हा या.

सारूबाईनं डोळे मिटून ऐकलं. मग हळू आवाजात मावचीत काहीतरी बोलली, बरंच लांब. मधे थांबली, समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात तशी. मला मावची येत नव्हती. मी इंग्रजीत पुढे बोलले, शाळेबद्दल, सायकलबद्दल, घेवड्याच्या वेलांबद्दल. ती मावचीत बोलली. ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत आम्ही तशाच बोलत बसलो.